अडली म्हणजे धावा

सगळ्यांत आधी गंगूमावशी आली, आणि ती नाही म्हणायलाच आली होती.

तिला वाटलं, डॉक्टर देवी टोचायला आलेत. दोन्ही दंड पदराखाली झाकून पारावर अगदी पुढं बसली. टोचून घ्यायचं नाही, पण पुढची जागाही सोडायची नाही.

तिच्यामागून आमची आई आली. पारूबाई. आठवा महिना लागलेला, हातात सूप. रिकाम्या हातानं घराबाहेर पडलं की आमची आजी बोलायची, म्हणून कुठंही जाताना सूप.

आज आईची तिथी.

सकाळी नैवेद्य ठेवला, कावळा लगेच शिवला. दत्तू, माझा धाकटा भाऊ, सावेडीहून स्कूटरवर आला. ह्या वयात. म्हणाला, "आक्का, ती पारावरची गोष्ट टाक की फेसबुकवर."

माझं शिक्षण दुसरी. मी बोलते, फोन लिहितो. चुकलं तर फोनचं.

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं. आमचं गाव मिरजगावाकडचं, दवाखाना ओढ्यापलीकडं. मी परकर-पोलक्यातली.

डॉक्टरसाहेब आणि नर्सबाई एक छापील कागद घेऊन आले होते. सरकारनं आजारांचे मराठी शब्द ठरवले होते. इथून पुढं सगळ्या दवाखान्यांत तेच चालणार. ते बायकांना समजतात का, एवढं बघायचं होतं.

साहेब वाचायचे, बायका पदर तोंडाला लावायच्या.

"अतिसार."

"कशाचं सार?" गंगूमावशी.

मग साहेब म्हणाले, "कष्टप्रसूती."

कुणाला कळेना. नर्सबाईंनी सांगितलं, बाळ वाटेत अडकतं, बाई मोकळी होत नाही, ते.

आई उठली. "त्याला अडली म्हनत्यात. तेच लिवा."

साहेब भला माणूस. चिडले नाहीत. म्हणाले, "बाई, गाडी अडते, काम अडतं, पाहुणा अडतो. दवाखान्यात एकाच अर्थाचा शब्द हवा."

"मला ठावं हाय ते. त्यानंच माझं लेकरू गेलं."



दत्तूच्या आधीचं ते. आई अडली होती. आण्णा, म्हणजे आमचे वडील, ओढ्याच्या पाण्यातून दवाखान्यात धावत गेले. म्हणाले, "बायको अडलीय."

पाणी चढलेलं, त्या दिवशी जो तो अडलेलाच. कंपाउंडर नवा, कोकणाकडचा. त्याला वाटलं, बाई पाण्यामुळं गावाच्या बाजूला अडलीय.

"पाणी उतरलं की येईल. बसा."

आणि आण्णा बसले. बस म्हटलं की बसणारा माणूस.

आईनं हे सगळं सुपाची कड धरून सांगितलं. रडली नाही.

"म्हणूनच तर शब्द बदलतोय," साहेब हळूच म्हणाले.

"कागदावरचा बदलाल, साहेब. धावत आलेल्या मानसाच्या तोंडातला कोन बदलंल? ह्यांना म्हनून दाखवायला सांगा तुमचा शब्द."

सगळे पाराच्या कडेला बसलेल्या आण्णांकडं बघायला लागले.

आण्णा उभे राहिले. "कष्टी... कष्टाची..." आणि खाली बसले.

कुणी हसलं नाही. गंगूमावशीसुद्धा.

साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "माझ्या एकट्याच्या हातात नाही. वर विनंती करावी लागेल. कुणाच्या नावानं करू?"

"अगं, सरकारी काम हाय," आण्णा कुजबुजले.

"पारूबाई लिवा," आई म्हणाली.

"नवऱ्याचं नाव?"

आता नवऱ्याचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं? आईनं एकदा आण्णांकडं बघितलं.

"नुसतं पारूबाई लिवा. अडली ती मी हुते."

आणि अंगठा दिला. आमच्या गावातल्या बाईनं सरकारला शब्द बदला म्हणून सांगितलं. माझी आई ती.

पण उत्तर कधी येणार? साहेब म्हणाले, येईल तेव्हा येईल. आई म्हणाली, "पोटातलं थांबायचं न्हाई."

तेव्हा नर्सबाई दवाखान्यात गेल्या आणि दारावर खडूनं लिहिलं:

अडली म्हणजे धावा.

खडू पुसट झाला की कंपाउंडर स्वतः गिरवायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दिवस भरले. आई परत अडली. आण्णा परत धावले.

कंपाउंडर पुढं कितीतरी वर्षं सांगायचा, "मी नुसतं 'अड' ऐकलं, आन् उठलो." नर्सबाई टांग्यात, कंपाउंडर टांग्यामागं पळत, आण्णा त्याच्या मागं. या खेपेला त्यांना कुणी बसा म्हणालं नाही.

दत्तू पायाळू जन्मला, पाय आधी. पायाळू माणसाची लाथ लागली की उसण जाते म्हणतात. अजून सावेडीतली लोकं कंबर धरून त्याच्याकडं लाथ खायला येतात. रिटायर झाला, ह्यातून सुटका नाही.

बाळंतिणीला बघायला साहेब आणि नर्सबाई घरी आले. वरून उत्तर आलं होतं. मोठा शब्द होता तिथंच होता, पण त्याच्या शेजारी छापलं होतं, 'अडली'.

"कुठं हाय?" आई म्हणाली.

मी बोट ठेवून वाचून दाखवलं. अ, ड, ली. माझी दुसरी तिथं कामाला आली.

आईनं त्या अक्षरांवरून हात फिरवला, दत्तूच्या डोक्यावरून फिरवायची तसाच.

साहेब म्हणाले, "पोराचं नाव धावजी ठेवा."

आई म्हणाली, "नाव आत्याच्या तोंडून निघतं, साहेब. बारशाला या, कळंल."

आई, तुझ्या दोन्ही लेकरांचा तुला नमस्कार. तुझा शब्द अजून चालतोय गं.

हां, सांगायचं राहिलंच. साहेब आणि नर्सबाई, दोघंही बारशाला येतो म्हणाले.

रविवारी.