मी खोडलेली ओळ

“डाक्टर, पोरीचा तोंड भाजला! तुमच्या त्या पान्यानं!”

सकाळचे साडेसात. शहापूरच्या घरी मी तोंडात ब्रश धरून उभा. फोनवर जयश्रीची आई. जयश्रीचं लग्न अठरा दिवसांवर. आणि ‘ते पाणी’ म्हणजे माझ्या दवाखान्यातलं पहिलंवहिलं केमिकल पील. चार दिवसांपूर्वी मीच, माझ्या हातांनी, अगदी शीळ घालत लावलेलं.

मी त्वचेचा डॉक्टर. मूळचा मुरबाडकडचा, भातशेती करणाऱ्याचा मुलगा. हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, हा गडी मुंबईत चौदाव्या मजल्यावर वाढला असणार.

पील म्हणजे चेहरा सोलणं नव्हे. सौम्य अ‍ॅसिड चेहऱ्यावर लावायचं, घड्याळ लावून मोजकी मिनिटं ठेवायचं, मग दुसरं द्रावण लावून त्याचा जोर मारायचा. पुढच्या आठवड्याभरात वरचा जुना थर पापुद्र्यासारखा सुटतो. डाग फिके होतात. माणूस गोरा होत नाही, हे मी रोज दहा जणांना सांगतो आणि दहाही जण मान डोलावून विचारतात, “पण किती गोरा होईल?” महत्त्वाचं म्हणजे, खालची नवी कातडी काही दिवस तान्ह्या बाळाच्या कातडीसारखी नाजूक असते.

पीलचं सामान आलं तेव्हा मी, म्हसा गावच्या जत्रेतून बैल आणलेला माणूस गावभर मिरवतो तसा, ती बाटली घेऊन मिरवत होतो. शेजारच्या दाताच्या डॉक्टरला दाखवली. चहावाल्याला दाखवली. आता फक्त चेहरा हवा होता. आणि दारात जयश्री उभी राहिली. बी.कॉम. झालेली, चुणचुणीत, दोन्ही गालांवर जुन्या मुरुमांचे डाग.

“सर, लग्नाआधी होईल ना? चोवीस दिवस आहेत.”

इथे नियम असा: पहिलं पील कार्याच्या तोंडावर करायचं नाही. दोन-तीन महिने हातात हवेत. कातडी रुसली, तर तिला समजवायला वेळ लागतो. कल्याणला ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्या मॅडमनी हा नियम माझ्याकडून घोकून घेतला होता. पण बाटली समोर होती.

“आरामात होईल!” मी म्हणालो.

अगदीच गाढवपणा केला असं नाही. मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का, रात्री कुठली क्रीम लावतेस का, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ट्यूब आणलीस का, ओठांवर वारंवार तापाचे फोड येतात का, सगळं विचारलं. कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाटही पाहिली. मग पील केलं आणि कंपनीचा छापील कागद तिच्या हातात दिला. उन्हात जाऊ नका. सनस्क्रीन लावा. सुटणारी कातडी ओढू नका. सॉना टाळा.

“सर, सॉना काय असतं?”

“गरम खोलीत घाम काढत बसतात. श्रीमंतांचे चोचले. आपल्याकडे कुठलं आलंय!”

असं म्हणून मी खिशातून पेन काढलं आणि ती ओळ झोकात खोडली.

तर, फोन. तोंड धुतलं न धुतलं, गाडी काढली आणि मुरबाड रस्त्याने सुटलो. जयश्री ओटीवर बसलेली. गाल लालबुंद, डोळ्यांखाली सूज. डावा गाल तर भाजल्यासारखा.

“उन्हात गेली होतीस?”

“नाय सर. काल पहाटे गेले, ऊन निघायच्या आत घरी. डोक्याला स्कार्फ पण होता.”

“कुठे गेली होतीस?”

“राबावर. राब भाजला ना आमी काल.”

राब म्हणजे भाताची रोपं वाढवायचा तुकडा. पावसाआधी त्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून पेटवतात. आग सगळीकडे सारखी फिरावी म्हणून कोणीतरी काठी घेऊन तिच्या तोंडाशी उभं राहावं लागतं. लहानपणी मी उभा राहायचो. एकदा भुवया जाळून शाळेत गेलो होतो. जयश्री दोन तास उभी होती, तीन दिवसांच्या कोवळ्या कातडीने.

मी उगाच आवाज चढवला. “मावशी, नवरीला कोणी राबावर पाठवतं का?”

“मंग? लगीन हाय म्हून पाऊस थांबल काय? आनि तुमच्या कागदात कुठं लिवलाय राब? जये, आन गो तो कागद!”

कागद आरशाशेजारी भाताच्या शिताने चिकटवलेला होता. जयश्रीने तो अलगद सोडवून माझ्यापुढे धरला आणि बोट ठेवलं.

“सर, गरम जागेचं एवढंच होतं. ते तुम्ही खोडलं.”

मी अंगणात जाऊन मॅडमना फोन लावला.

“लग्नाच्या किती दिवस आधी केलंस?”

“बावीस.”

“नंतर काय टाळायचं ते लिहून दिलेलंस?”

“हो मॅडम. एक ओळ सोडून.”

“कुठली?”

“उष्णतेची.”

“मूर्ख. आता नवीन डोकं चालवू नकोस. गार पाण्याची पट्टी, साधं मॉइश्चरायझर, सांगते ते मलम चार दिवस. बाकी काही न करणं हीच ट्रीटमेंट.”

काही न करणं किती अवघड असतं! दर दोन दिवसांनी मी त्या ओटीवर हजर. पाचव्या दिवशी सूज गेली, लाली ओसरली. आठव्या दिवशी उजवा गाल असा स्वच्छ निघाला की मी ओरडलोच. डाव्या गालावर मात्र रुपयाएवढा तपकिरी डाग उरला. भाजलेली कातडी बरी होताना असा रंग धरते आणि सोडायला महिने घेते.

हळदीला मी हुकूम काढला: हातापायाला लावा, चेहऱ्याला नाही. आत्या उसळल्या. पण आता जयश्रीची आई माझ्या बाजूने होती. “तोंडाला कोनी हात लावलान तर बगा! डाक्टर परत येल!”

लग्नात मी पहिल्या रांगेत. डागावर मेकअप होता, पण मला दिसत होता. स्टेजवर गेलो, तर जयश्री नवऱ्याला म्हणाली, “हेच ते डॉक्टर. उजवा गाल यांचा. डावा राबाचा.” नवरा हसला.

त्या आठवड्यात मी कंपनीचे कागद रद्दीत घातले आणि स्वतःचा छापून घेतला. राब भाजू नका. चुलीपुढे बसू नका. होळीजवळ उभं राहू नका. एक प्रत जयश्रीला दिली: डाग जाईपर्यंत पाळ.

तीन महिन्यांनी ती आली. डाग शोधावा लागत होता! मी खुर्चीतून उठून खिडकीच्या उजेडात दोनदा बघितला. बरोबर सासूबाई होत्या, चेहरा गंभीर.

“डाक्टर, ही सून आल्यापासनं चुलीला शिवली नाय. भाकऱ्या थाप म्हटला का तुमचा कागद दाखवते.”

मी चूक कबूल करायला तोंड उघडलं. सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

“मला पन करा ते पील.”

तुम्हाला करायचं असेल, तर एवढंच सांगतो. पुढच्या पंधरा दिवसांत घरात, शेतात, देवळात काय काम आहे ते सगळं डॉक्टरला सांगा, त्याने विचारलं नाही तरी. कार्य जवळ असेल, तर घाई करू नका. आणि डॉक्टर कागदावरची ओळ खोडायला लागला, तर त्याच्या हातातलं पेन काढून घ्या.

सासूबाईंना मी पील केलं नाही. गरज नव्हती. कागद मात्र दिला.