हुमाच्या तापाची वाट

सूर्य उगवून अर्धा तास झाला होता. तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरात, तुंजा नदीकाठच्या आमच्या गल्लीत, उम्मुहान निने, म्हणजे सगळ्या गल्लीची आजी, चार वर्षांच्या हुमाच्या कपाळाला हात लावून बसली होती. कपाळ थंड होतं. तिने दंड पाहिला. कोरडी खपली, बाकी काही नाही.

निने सत्तरीची. उन्हाळा सरला की ती घरोघरी मुलांना देवी टोचते. चाळीस वर्षं झाली. सौम्य देवी आलेल्या मुलाच्या फोडातली लस अक्रोडाच्या कवचात घ्यायची, कवच उबेला कमरेशी बांधायचं आणि सुईने ओरखडा काढून लस त्यात भरायची. आठव्या दिवशी ताप येतो, थोडे फोड उठतात. पुढे देवी त्या मुलाच्या वाटेला जात नाही.

आज आठवा दिवस होता.

"ताप नाही, अल्लाची कृपा!" हुमाची आई शेरिफे म्हणाली. तिचा थोरला मुलगा गेल्या वर्षी देवीने गेला होता, आणि यंदा देवी दोन गल्ल्यांवर आली होती.

"कृपा कसली! टोचणं लागलंच नाही. दंडाला काय केलंस?"

"काही नाही गं निने. दुसऱ्या दिवशी हम्मामला अंघोळीला नेलं फक्त. टोचलेली बाकीची पोरं नव्या कपड्यांत, हीच तेवढी मळकी..."

"घासलंस?"

"नेहमीसारखं. खरखरीत पिशवी हाताला घालून."

"शाबास! माझी लस मोरीत आणि पोर लखलखीत. आता देवी दारात येईल आणि म्हणेल, अगंबाई, किती स्वच्छ, जाऊ दे हिला!"

शेरिफेने हुमाला जवळ ओढलं.

माडीवर उतरलेली व्हेनिसची प्रवासी बाई ओर्सोला जिन्यात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. हातात भावाला लिहिलेलं पत्र होतं. भावाच्या तीन मुलींना अजून देवी आल्या नव्हत्या, म्हणून तिने टोचण्याची सगळी रीत त्यात लिहिली होती. शेवटची ओळ होती, 'हुमा आता सुरक्षित आहे.'

"ओर्सोलाबाई, पत्र लाख लावून बंद केलंस?" निनेने विचारलं.

"अजून नाही. जासूद संध्याकाळी निघतो."

"निघू दे त्याला पत्राशिवाय. अर्धी रीत पाठवून पोरींना मारशील."

दुपारपर्यंत निनेने ताजी लस मिळवली आणि हुमाच्या दुसऱ्या दंडावर टोचलं. पुढचे आठ दिवस शेरिफेने त्या दंडाला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. आठव्या दिवशी दुपारी हुमाचं अंग तापलं. शेरिफेने निनेचा हात आधी ओठांना, मग कपाळाला लावला.

"ताप आला म्हणून खूश होणारी आई मी पहिल्यांदाच पाहते," ओर्सोला म्हणाली.

"आणखी महिनाभर राहा. रोज पाहशील."

ताप दोन दिवसांत उतरला. फोड एकोणीस निघाले, चेहऱ्यावर एकच. ते पिकल्यावर निने कवच घेऊन आली तेव्हा हुमा अंगणात द्राक्षं खात होती. ओर्सोलाने पत्र नव्याने लिहिलं होतं.

"निने, तुमचं नाव घातलंय. माझ्या भाच्या जगल्या तर ते तुमच्यामुळे."

"नावाचं राहू दे. हम्मामचं घातलंस?"

"पहिल्याच ओळीत."

"मग लाव लाख."

निनेने हुमाच्या दंडावरच्या फोडातली लस कवचात घेतली आणि कवच कमरेशी बांधलं. उद्या सकाळी ती खोगीरवाल्यांच्या गल्लीत अकरा मुलांना टोचणार आहे. मुलांना आजच अंघोळ घालून ठेवा, असा निरोप त्यांच्या आयांना गेला आहे.