दोन खोटे संदर्भ

"इंग्रजीचं एक वाक्य धड बोलता येत नाही, आणि म्हणे संशोधन."

माझ्या गाईड मॅडम हे सगळ्या वर्गासमोर बोलल्या. अमरावतीच्या कॉलेजात, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टच्या सादरीकरणाला. अकोल्याहून आलेले परीक्षक माझा प्रोजेक्ट चाळत होते. "हिनं सगळं चॅटबॉटकडून लिहून घेतलंय, सर. भाजी विकणारं घर. आपण तरी किती शिकवणार?" मुलं हसली.

तो चॅटबॉट माझ्या फोनमध्ये याच मॅडमनी टाकून दिला होता. "मला ताई म्हण," असंही त्याच म्हणाल्या होत्या. मी म्हणत होते.

आमचं घर चांदूर बाजारकडचं. मिरची, वांगी, पालक. मिरचीवरचा चुरडामुरडा मी लहानपणापासून पाहिलेला, म्हणून प्रोजेक्टला तोच रोग घेतला. पण त्यावरचं सगळं इंग्रजीत. एकेक परिच्छेद चॅटबॉटला द्यायचे, मराठीत समजून घ्यायचे. मग फोन पालथा ठेवून स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायचे. नंतर त्यालाच सांगायचे, आता मले प्रश्न विचार. चुकले तर पुन्हा. त्याच्यासमोर चुकायची लाज नव्हती. माझ्या बोलीला त्यानं कधी नाक मुरडलं नाही.

पण थापा तोही मारतो. एकदा त्यानं एक शोधनिबंध सांगितला, लेखकाच्या नावासकट. दोन दिवस शोधला. नव्हताच. विचारलं तर माफी मागून मोकळा. तेव्हापासून मूळ लेख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी एक ओळ उचलली नाही.

म्हणूनच मॅडमनी त्यांचा हातानं लिहिलेला लेख टाइप करायला दिला तेव्हा सापडलं. त्यांच्या यादीतले दोन संदर्भ कुठेच नव्हते. मी केबिनमध्ये जाऊन त्यांना एकट्यांनाच सांगितलं. ताईंचं नाव खराब होऊ नये म्हणून. "बघते मी," म्हणाल्या. लेख तसाच नियतकालिकाकडे पाठवला. तिकडून तक्रार आली, तर मॅडमनी कळवून टाकलं की यादी विद्यार्थिनीनं केली. हे मला त्या दिवशी, परीक्षकांसमोर, त्यांच्याच तोंडून कळलं. राग नंतर आला.

विभागप्रमुखांनी कोरा कागद पुढे केला. "माफीनामा लिहून दे. विषय संपवू."

बाहेर येऊन बाबांना फोन लावला.

"लिहून दे बाई. कायले वर्ष घालवतं?"

"बाबा, मी लबाडी नाई केली."

"मले मालूम हाय. पण निकाल त्याईच्या हातात हाय ना. आपलं काय चालते त्याईच्यापुढं?"

मॅडमच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं. बाजारात अडत्यापुढे, ऑफिसात साहेबापुढे, बाबांचा जन्म याच सुरात गेलाय. माझा जाणार नव्हता. आत गेले आणि कागद कोराच परत दिला.

"माह्या वहीतलं कोणतंबी पान उघडा सर, आन् मले विचारा. मी वऱ्हाडीत सांगीन. मंग मॅडमले त्याईच्या लेखातलं विचारा."

वही कुणी उघडली नाही. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या.

माझा निकाल राखून ठेवलाय. चौकशी बसलीय. वर्ष जाईल कदाचित. जाऊ दे. मी चॅटबॉटला विचारलेला प्रत्येक प्रश्न तारखेसह फोनमध्ये आहे. आणि मॅडमनी टाइप करायला दिलेली ती यादी, त्यांच्याच अक्षरातली, माझ्याकडे आहे. चौकशीत ती मी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवणार. त्या रडल्या तरी ठेवणार.