गच्चीवरची येळवस

दिवाळीच्या पणत्या उचलल्या आणि केवळाबाईंनी लेकाच्या लातूरच्या घराच्या गच्चीवर डब्यांची रांग मांडली. तेलाचे पत्र्याचे डबे, रंगाच्या बादल्या, फळवाल्यानं टाकलेल्या थर्माकोलच्या पेट्या. पलीकडच्या प्लॉटवर पाया खोदत होते, तिथली काळी माती घमेल्यानं वर आली. सून पुनमला वाटलं, मेथी-कोथिंबीर लावत असतील. पण केवळाबाईंनी कनवटीची पुडी सोडली, ती ज्वारीची.

"आत्याबाई, डब्यात ज्वारी?"

"मग? कोथिंबिरीत पांडव बसवू का येळवशीला?"

पुनमला सगळं ठाऊक होतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवशीला, इकडची माणसं शेतात जातात. उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करून पाच दगडांचे पांडव पुजतात, आणि घरची थोरली सून पिकावर आंबील शिंपडते. लातूरजवळच्या मुरुडच्या शेतात हा मान केवळाबाईंचा. नवरी होऊन आल्या तेव्हापासूनचा. गेल्या साली मालक वारले, आणि येळवशीला भरल्या भावकीत धाकटे दीर किशनराव यांनी त्यांच्या हातातलं आंबिलीचं मडकं काढून घेतलं.

"वैनी, तुम्ही नका आता. पिकाला बरं नसतं. नीला शिंपील."

नीलाबाई त्यांची बायको. तिनं मान खाली घालून मडकं घेतलं, पण घेतलं. केवळाबाई जेवल्या नाहीत. बांधावरून तडक रस्त्याला लागल्या आणि लातूरची बस धरली. पुन्हा त्या शेतात पाय ठेवायचा नाही, अशी देवापुढं शपथ घेतली. आता येळवस करायची ती आपल्या पिकात, आपल्या हातानं.

ज्वारी तरारून वर आली. कडेच्या पेट्यांत टोकलेला हरभराही फुटला. केवळाबाई रोज जप आटोपून वर जात, तण खुरपत, पण पाण्याचा थेंब घालत नसत.

"वाळून चाललंय की सगळं," पुनम म्हणाली.

"रब्बीला पाणी कोण घालतं गं? तुझ्या माहेरी घालत असतील. आमची ज्वारी वलीवर अन् दवावर येती."

"ती रानात! हितं मातीखाली सिमेंट हाय. कुठली वल येणार? आडमुठेपणा करू नका."

"तू मला शेती शिकव आता!"

दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. तेवढ्यात पत्र्याच्या डब्यांतली माती भेगाळली आणि ज्वारीची पानं सुरळी होऊन माना टाकायला लागली. एका सकाळी पुनमनं पाहिलं तर सासूबाई कळशी घेऊन जिना चढत होत्या. ती वाट देऊन बाजूला सरकली; केवळाबाईंनी तिच्याकडं बघितलं नाही. निम्मं पीक गेलं होतं. उरलेलं मात्र धरलं.

अमावस्या तोंडावर आली तसे किशनराव आले. पुनमनं त्यांना वर नेलं. गच्ची बघून ते मोठ्यानं हसले.

"वैनी, हे काय? माणसं येड्यात काढतील. परवा चला रानात. गाव इचारतंय, थोरली का येईना म्हणून."

"गावासाठी आलात व्हय. मडकं माझ्या हातात देता?"

"ते सोडून बोला."

"तेच बोलायचंय. देता का न्हाई?"

"रीत हाय ती. मी मोडणार न्हाई."

"मला देवानं कधी म्हटलं न्हाई, तू शिवू नको म्हणून. तुम्ही त्याच्या पुढचे लागून गेलात का? उतरा खाली."

"पोराच्या घरात बसून मला उतरा म्हणताय?"

"म्हणतीय. उतरा."

किशनराव चहा न घेता गेले.

येळवशीला केवळाबाईंनी पहाटे शेंगा-भाज्यांची भज्जी रांधली, ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उंडे उकडले, आंबील घुसळली. दूधवाल्याकडच्या कडब्याची गुडघ्याएवढी कोप डब्यांच्या मधोमध उभी केली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड बसवले. पूजा झाली. त्यांनी मडकं उचललं तशी पुनम पुढं आली.

"आत्याबाई, मी शिंपू का? उगं कुणी काही..."

"तूसुद्धा?"

पुनमचा हात मागं गेला. केवळाबाईंनी देवाचं नाव घेत ज्वारीच्या धाटानं डब्या-डब्यावर आंबील शिंपडली. जे वाळलं होतं, त्याच्यावरही. शेजारच्या गच्चीवर धुणं घालणारी बाई थांबून बघत होती. केवळाबाईंनी तिच्याकडं बघून आवाज आणखी चढवला.

जेवणं झाली. रीतीप्रमाणं पुनमनं भावकीत पाठवायला डबा भरला. वर भज्जी, खाली उंडे.

"कुणाला?"

"मुरुडला, काकांकडं. हे संध्याकाळी जाणार हायेत तिकडं. प्रसाद हाय, न्हाई म्हणू नये."

केवळाबाईंनी डबा तिच्या हातून घेतला, भज्जी पुन्हा पातेल्यात पालथी केली, उंडे काढून ठेवले आणि डबा मोरीत ठेवला.

"देव बघून घेईल," त्या म्हणाल्या. "त्या घरी माझ्या हातचं जाणार न्हाई."