लग्नाच्या पाच प्रती आणि एक गाणं

घरातला कॉम्प्युटर दादाचा. त्याला हात लावायचा तो दादानेच. पाणीखात्यात मीटर तपासता तपासता निवृत्तीच्या तोंडावर त्याला कॉम्प्युटरचं शिक्षण मिळालं होतं आणि त्याचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत कॉम्प्युटरच्या बरोबर वर लटकत होतं. बाकीच्यांनी लांबून बघायचं.

बाकीचे म्हणजे दोघीच. वहिनी आणि आत्या. आत्या ही दादाची धाकटी बहीण. ज्या भाच्यामुळे ती आत्या झाली तो केव्हाच घर सोडून गेला होता, पण हाक तेवढी मागे राहिली. तिने लग्न केलं नाही. सगळी नोकरी एका शाळेत गायन शिकवण्यात गेली. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, तो कुजबुजीपुरता उरला. भाड्याची खोली सोडून ती भावाकडे आली तेव्हा दादा म्हणाला होता, "घर तुझंच आहे." वहिनीने कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला होता. घर तेवढंच तिचं होतं.

तिची शाळा बंद पडली होती. पण औषधांच्या दुकानात भेटलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीने सांगितलं, की कुणीतरी शाळेच्या कार्यक्रमांच्या कॅसेटवरची गाणी इंटरनेटवर चढवली आहेत. "बाई, तुमचंही एक आहे!" एवढं बोलून ती घाईने निघून गेली. आत्याने तिचं नावसुद्धा विचारलं नाही, स्वतः दुकानातून घरापर्यंत पळतच आली.

दादाने शाळेचं नाव टाकून ते पान उघडून दिलं. खरंच होतं. मुलांच्या समूहगीतांच्या खाली शेवटची ओळ होती, 'गायनाच्या बाई'. आत्याचा आवाज कधी कुणी जपून ठेवला नव्हता, तिनेही नाही. गळ्यात असलेली वस्तू कशाला जपून ठेवायची? पानाच्या वर लाल अक्षरात लिहिलं होतं, की ही साइट महिनाअखेरीस बंद होणार आहे, ज्याला जे हवं ते उतरवून घ्यावं. तिथल्या तिथे ऐकायची सोय नव्हती.

दादाने बटण दाबलं. निळी रेघ सरकत सरकत निम्म्यावर आली आणि थांबली. कोपऱ्यात एक पाटी उगवली. दादाने फुली मारून ती घालवली.

"काय लिहिलं होतं?" आत्याने विचारलं.

"काही नाही. या पाट्या वाचायच्या नसतात. वाचत बसलं की मशीन डोक्यावर बसतं."

दुसऱ्या दिवशी दादाने राउटर बंद करून चालू केला. गाणं निम्म्यावर थांबलं. मग त्याने तारा काढल्या, फुंकर मारून परत खोचल्या. ब्राउझर बदलला. व्हायरसवाला प्रोग्राम बंद करून पाहिला. कंपनीला फोन लावून तिथल्या मुलीला झापलं, "तुमचं नेट दळभद्री आहे!" ती बिचारी म्हणाली, नेट व्यवस्थित दिसतंय, काका. दादाने फोन आपटला.

"घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळायला हवं," तो म्हणाला.

वहिनी भाजी निवडत होती. "घोड्यावर बसलेल्याला विचारा."

"दादा, मी बाहेर कुठून तरी उतरवून आणू का?" आत्या कुजबुजली.

"घरात कॉम्प्युटर असताना दारोदार फिरणार? लोक काय म्हणतील? आणि साइट काय लगेच बंद होत नसते. असं लिहितात नुसतं."

"आणि झाली तर?"

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!" दादा स्वतःच्याच विनोदावर हसला.

महिना संपत आला. शुक्रवारी दादा दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. वहिनी गच्चीत कपडे वाळत घालत होती. आत्या दादाच्या खुर्चीत जाऊन बसली. बसताना तिने पदर सावरला, जणू कुणा परक्याच्या घरी बसतेय. बटण दाबलं. रेघ सरकली, थांबली, पाटी उगवली. तिने फुली मारली नाही. पाटी साध्या सरळ भाषेत सांगत होती, की डिस्कवर जागा शिल्लक नाही.

एवढंच. इतके दिवस मशीन घसा फोडून हेच सांगत होतं.

जागा खाल्ली कुणी? ते शोधायला फार वेळ लागला नाही. 'लग्न'. 'लग्न - प्रत'. 'लग्न - प्रत - प्रत'. पुढे तशीच शेपूट वाढत गेली होती. दर रविवारी अंघोळ करून दादा कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि "बॅकअप घेतोय, कुणी बोलू नका" म्हणायचा, तो हा बॅकअप. मुलाच्या लग्नाची फिल्म, त्याच डिस्कवर, एकाखाली एक. घराला आग लागली तर पाचही प्रती एकदमच जळाल्या असत्या. लग्न तर वर्षभरातच मोडलं होतं. सून दुसऱ्या घरी नांदत होती आणि मुलगा फोनसुद्धा करत नव्हता.

पाचवी प्रत अर्धवट होती. पाहुणे दारातून आत येत होते, सून त्यांच्याकडे बघून हसत होती, आणि तिथेच चित्र गोठत होतं. पुढे काही नव्हतं.

"वन्सं," मागून वहिनीचा आवाज आला. हातात रिकामी बादली. "त्याला हात लावू नका. रविवारचं तेवढंच काम आहे त्यांना."

"अर्धीच आहे ही, वहिनी. चार पूर्ण आहेत."

वहिनी पडद्याकडे बघत राहिली. सून हसत होती. "लग्न नाही टिकलं," वहिनी म्हणाली, "प्रती बघा कशा टिकल्यात." आणि बादली घेऊन आत गेली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

आत्याने अर्धवट प्रत काढून टाकली. गाणं उतरलं.

ती आधी ऐकायला धजेना. दादा आल्यावर तिने दोघांनाही बोलावलं. खरखर झाली, कुणीतरी खाकरलं, आणि मग तो आवाज खोलीत आला. भरीव, निवांत, वरच्या सुरावर जाताना जराही न घाबरणारा. वहिनी दारातच उभी राहिली. आत्याने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते.

"ही तू?" दादा म्हणाला. गालात कापसाचा बोळा होता. "दुसरंच कुणीतरी वाटतंय. आणि उतरलं कसं हे?"

"पाटी वाचली. जागा नव्हती. तुझी अर्धवट प्रत होती ना, ती काढली." आणि न राहवून तिने पुस्ती जोडली, "पाट्या वाचाव्यात, दादा."

दादाने गालातला बोळा चाचपला आणि कॉम्प्युटर बंद केला.  शनिवार मूग गिळूनच गेला.

रविवारी तो अंघोळ करून खुर्चीत बसला. प्रती मोजल्या. पाचवी पुन्हा करायला घेतली. ती पुन्हा निम्म्यावर अडली आणि कोपऱ्यात पाटी उगवली. या वेळी दादाने चष्मा पुसून ती मोठ्याने वाचली, अगदी दोघींना ऐकू जाईल अशी. "जागा नाही. उतरवलेल्या फाइली पुसून कचऱ्याचा डबा रिकामा करायचा का?" आणि 'हो' दाबलं.

आत्या स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत डबा रिकामा झाला होता.

"दादा, माझं गाणं!"

"फाइलीवर नाव कुठे होतं? नुसते आकडे. तूच म्हणालीस ना, पाट्या वाचाव्यात?"

"तुझ्या पाच होत्या रे. माझी एकच होती."

दादाची मान क्षणभर खाली गेली. माऊसवरचा हात तसाच राहिला. त्याला कळलं होतं, हे आत्याला दिसलं. आणि कळलं हे तो कबूल करणार नाही, हेही दिसलं.

"अहो, बोला काहीतरी," वहिनी म्हणाली.

"त्यात काय बोलायचं? परत उतरवू की. आता जागेची भानगडही कळली आहे." त्याने पान उघडायला घेतलं. पडदा पांढरा झाला. पान सापडत नाही, अशी पाटी आली. महिना कालच संपला होता. दादाने फुली मारली.

"नेट गेलेलं दिसतंय," म्हणत तो उठला आणि राउटरपाशी जाऊन वाकला. दिवे विझले, थोड्या वेळाने एकेक करून लागले. "हं, आता बघ. उघडतंय का?"

आत्या खुर्चीत बसली. बटण दाबलं. पांढरा पडदा, तीच पाटी. तिने ती शेवटपर्यंत वाचली.

"नाही उघडत," ती म्हणाली.

"काय?" दादा भिंतीकडे तोंड करूनच ओरडला. "मोठ्याने बोल जरा. काही ऐकू येत नाही तुझं."