चुलीवरचा तवा

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून तवा शोधला. तेवढंच शेवटचं. तसं साठ वर्षं रोजच शोधत होतो. गोदा, म्हणजे आमची मंडळी, भाकरी झाल्या की तवा पुसून दडवायची आणि दुसऱ्या दिवशी कुठं दडवला ते विसरायची. मी कडब्यात हात घातला तशी ओरडली, "अवो, तिथं परवा होता. रोज एकाच जागी ठेवाया म्या येडी हाय का?"

"न्हाईस. लई शानी. म्हणून तर रोज धुंडतीस."

शेवटी कोंबड्यांच्या डालग्याखाली सापडला. वर कोंबडी ऐटीत बसलेली. गोदानं तिला उठवलं, माझ्याकडं बघून हसली आणि चुलीपुढं बसली.

लोखंडी तवा कोण चोरणार, असं कुणालाही वाटेल. तिचा बाप चोरायचा. जळकोटला तिचं माहेर. निजामाचं राज्य होतं, पण त्या घरात कुणाचंच राज्य नव्हतं. बाप शिंदी प्यायचा. आई भांडून माहेरी जायची, चार दिवसांनी यायची, परत जायची. चुलतीनं त्याच घरात वेगळी चूल मांडलेली. भावंडं पाच, आधी उठेल त्याची भाकरी. शिंदीपायी घागर गेली, परात गेली. एक दिवस बापानं तवा धोतराखाली धरला आणि निघाला. गोदा तेव्हा नऊ वर्षांची. मागं पळत गेली आणि शिंदीच्या दुकानापुढं फतकल मारून बोंबलली, "माझ्या बापानं घागर प्याली, परात प्याली, आता तवा पितोय, बघा वो!"

भरला बाजार हसला. दुकानदारानं लाजेनं तवा परत दिला. घरी गेल्यावर बापानं हाणलं ते वेगळं. त्या दिवसापासून ही शेण वेचायला निघाली की तवा पाटीत आणि वरून शेण. "पीठ उसनं मिळतं," म्हणायची, "तवा कोण देत न्हाय. ज्याला त्याला त्याच येळंला लागतो."

मी तिला पहिल्यांदा पाहिली ती रझाकारांच्या भ्यानं गावंच्या गावं सोलापूरच्या हद्दीत पळाली तेव्हा. आम्ही अणदूरचे. आम्ही उतरलो त्या झाडाखाली बायकांनी सोनंनाणं आणलेलं, पीठ आणलेलं, तवा एकीनंही नाही. तेवढ्यात ही तेरा वर्षांची पोरगी डोईवर तवा घेऊन आली. सगळ्यांच्या भाकरी त्याच तव्यावर झाल्या आणि ही शेजारी शिपायासारखी उभी. माझी आई तवा उतरवायला गेली तर म्हणाली, "मावशी, भाजा की. पर उचलायचा म्याच."

आईनं तिथंच ठरवलं. लग्नात आंदण म्हणून तोच तवा आला. दुसरं होतं काय?

म्हातारपणी तिचा बाप आमच्याकडंच राहिला. शिंदी सुटली होती, दात पडले होते. गोदा त्याला भाकरी दुधात कुस्करून द्यायची, आणि तवा दडवायची. "बाबा, पोटभर जेवा. पर तवा कुठाय ते इचारू नका." म्हातारा खाली मान घालून हसायचा. तो गेल्यावर मी म्हटलं, "आता तरी?" म्हणाली, "तुमचा काय भरवसा!" मी जन्मात शिंदीचा थेंब घेतला नाही. पण तिच्याशी भांडत बसलो नाही. शोधत राहिलो.

त्या दिवशी दुपारी जेवून, आवरून ती जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. दिवस मावळायच्या आत तिला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटणार नव्हती. शेजारणीनं भाकरी आणल्या होत्या. तरी मी उठलो तसा तवा शोधायला लागलो. कडबा झाला, कणगी झाली, डालगं झालं. लेक म्हणाली, "आबा, काय धुंडताव? तवा तर चुलीवर हाय."

खरंच चुलीवर होता. पुसलेला, उघडा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. दडवायचा राहिला, का भ्या गेलं, कुणाला विचारू?

मी लेकीला बाहेर जा म्हटलं. तवा पुन्हा एकदा पुसला आणि दडवून ठेवला. कुठं ते सांगणार नाही.