भामाबायची सायकल आणि विलायती गुटके

पनवेलमध्ये सायकली दुरुस्त करणारे पुष्कळ. सायकल राहू दे बाजूला, आधी तिच्या मालकालाच सरळ करायला घेणारे मात्र एकच, ते म्हणजे जमालभाई. जुन्या बाजारात, मशिदीमागच्या गल्लीत त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक शटर, एक माणूस आणि दीडशे पत्र्याचे डबे. पंक्चर काढायला कुणी आलं तर ते मान वर न करता पुढच्या चौकाकडे बोट दाखवतात. त्यांचा जीव अडकलेला विलायती सायकलींत, त्याही साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या. पुण्या-नाशकाहून शौकीन मंडळी आपापली म्हातारी सायकल टेम्पोत घालून आणतात आणि जमालभाईंची बोलणी खाऊन जातात. कारण काय, तर मागच्या चाकाचा एक नट देशी निघाला. नट बदलला की सायकल बदलली, असा त्यांचा कायदा, आणि या कायद्यात दयेचा अर्ज चालत नाही.

ही खोड जुनी आहे. ऐन तिशीत ते कुवेतला गेले, बारा वर्षं राहिले. लोक येताना सोनं आणत, टेपरेकॉर्डर आणत. हे गृहस्थ एकदा सुटीवर आले ते भंगारवाल्याकडून मिळवलेली इंग्लिश चेन आणि मूठभर छर्रे बिस्किटांच्या डब्यात घालून. त्यांच्या बायकोनं, झुबेदानं, तो डबा केवढ्या आशेनं उघडला होता. तीसच्या वर वर्षं झाली त्याला, पण आजही घरी पाहुणे आले की ती हा किस्सा रंगवून सांगते आणि जमालभाई खाली मान घालून चहात पाव बुडवत बसतात.

तर यंदाच्या थंडीत एक दिवस दुकानासमोर लांबलचक पांढरी गाडी थांबली. आतून उतरला दीपेश, करंजाड्याचा बांधकामवाला. गळ्यात बोटभर जाडीची चेन, पण पोरगा स्वभावानं गोड. मागच्या टेम्पोतून त्यानं ताडपत्रीत गुंडाळलेली एक सायकल उतरवली. हिरवी, बायकांची, मधला दांडा नसलेली. जमालभाईंनी फडक्यानं धूळ पुसली आणि त्यांचा हात जागीच थांबला. हँडल तेच, चेनकव्हर तेच, मडगार्ड तेच, पायडलसुद्धा कारखान्यातून आलेलं. टायर कुजले होते आणि ब्रेकचे गुटके झिजून नाहीसे झाले होते, एवढंच. बाकी सत्तर वर्षांत हिला कुणी परका हात लावलेला नव्हता. जमालभाई स्टुलावर बसले आणि नाक पुसू लागले. दीपेशला वाटलं, सर्दी असेल.

सायकल त्याच्या आईची, भामाबायची. पन्नास वर्षांपूर्वी मिठागराच्या मॅनेजरची बायको गाव सोडून जाताना ती मिठाच्या गोणी शिवणाऱ्या या चुणचुणीत पोरीला देऊन गेली. भामाबाय हिच्यावर शिकली, हिच्यावरूनच पनवेलच्या बाजारात भाजी घेऊन गेली, दोन पोरांना कॅरिअरवर बसवून शाळेत सोडून आली. मग विमानतळासाठी गाव उठलं, करंजाड्याला बंगला झाला, आणि सायकल माळ्यावर गेली. दीपेशला आता ती हॉलच्या भिंतीवर टांगायची होती, वरून दोन लाइट मारून. फक्त एकदम ओरिजनल पाहिजे, चाचा, असं त्यानं बजावलं. जमालभाईंना तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. भिंतीवरची सायकल ना झिजते, ना पडते, ना तिच्यात कुणी देशी नट घालतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षातून भामाबाय स्वतः उतरली. सत्तरीला टेकलेली, बुटकी, कासोटा घट्ट मारलेली, गुडघे धरून चालणारी. तिनं स्टूल ओढून घेतलं आणि विषयालाच हात घातला.

"जमालभाय, ही मना भितीवर नाय लावाची. मना चालवाची हाय."

तिचं म्हणणं साधं होतं. तिची जिवाची मैत्रीण सोनाबाई. गावात दोघींची घरं एका भिंतीला लागून. त्या भिंतीत एक वीट काढलेली होती, तिथून चाळीस वर्षं कालवणाच्या वाट्या इकडून तिकडे गेल्या. आता भामाबाय करंजाड्याच्या या टोकाला, सोनाबाई त्या टोकाला. सोनाबाईचे पाय सुजतात, ती सहसा उंबरा ओलांडत नाही, आणि कानानं ऐकू कमी, म्हणजे फोनही बाद. भामाबायचे गुडघे चालू देत नाहीत. रिक्षावाले एवढ्या जवळ यायला तयार नाहीत, आणि लेकाला वेळ असेल तेव्हाच लेकाची गाडी. गेल्या वर्षात दोघी भेटल्या किती वेळा, तर दोनदा, तेही कुणाच्या तरी हळदीला, डीजेच्या दणदणाटात. एक अक्षर बोलता आलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, चालू नका, सायकल मारलीत तर चालेल. म्हणून माळ्यावरची सायकल आठवली, तर लेक ती भिंतीवर चढवायला निघालेला.

जमालभाईंनी नवी सायकल घ्या म्हणून सुचवून पाहिलं. दीपेशनंही बॅटरीची सायकल आणून द्यायची तयारी दाखवली होती म्हणे. पण भामाबायचं उत्तर तयार होतं: तोल मी हिच्यावर शिकले, माझे पाय हिला ओळखतात, या वयात दुसरीवर शिकायला गेले तर हाडं गोळा करायला लागतील. सायकलीच्या माणसाला हे पटल्याशिवाय राहत नाही. जमालभाईंनी हो म्हटलं. मात्र मनातल्या मनात ठरवून टाकलं, चालवायची तर चालवू दे, पण हिच्या अंगाला एकही परका भाग लागणार नाही.

आणि इथंच घोळ झाला. जमालभाईंच्या डब्यांत एक डबा सगळ्यांत वर होता, त्यात विलायती ब्रेकचे चार गुटके, पाकीट न फोडलेले. मुंबईतल्या एका बंद पडलेल्या दुकानातून आणलेले. वीस वर्षं त्यांनी ते पाकीट कुणाला द्यायचं तर सोडा, नीट पाहूसुद्धा दिलं नव्हतं. रबर ठेवून ठेवून दगड होतं, हे पंक्चरवाल्या पोरालाही कळतं. जमालभाईंना कळत नव्हतं असं कसं म्हणू? पण पाकीट फोडलेलं नाही ना, मग आतला माल नवाच, असली समजूत प्रेमात पडलेल्या माणसाचीच असते. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून पाकीट फोडलं. गुटके काळेभोर, वर कंपनीचं नाव. जुने टायरही त्याच जातीचे मिळाले. चाकांचा आउट काढून ती सरळ केली, छर्ऱ्यांना ग्रीस भरलं, चामड्याच्या सीटला तेल पाजलं. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. गल्ली सपाट, ब्रेक लागल्यासारखा वाटला.

शनिवारी सायकल पोचवायला ते स्वतः चढून निघाले. त्यांच्या हातची सायकल टेम्पोतून जाणार नाही, तीही जुनी रीत. गाढी नदीवरचा पूल चढेपर्यंत जमालभाई नुसते तरंगत होते. सकाळचं ऊन, डोक्यावरून विमान चाललेलं, आणि लोक वळून वळून पाहतायत. मग उतार लागला. जमालभाईंनी ब्रेक दाबला. सायकल आपली चालली. त्यांनी दोन्ही दाबले. गुटके रिमवर घासून किंचाळले, पण सायकल काही ऐकेना. उताराच्या तळाशी करंजा बंदरावरची कोळीण सुनीता सुकी मासळी मांडून बसली होती. पुढे बोंबील, मागे जवळ्याचा, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीचा ढीग. जमालभाई "बाजू, बाजू" करत आले, बोंबील पार केले आणि जवळ्यात जाऊन बसले.

सुनीतानं जो तोंडाचा पट्टा सोडला तो छापण्याजोगा नाही. जमालभाईंना काही लागलं नव्हतं. पण टोपीत जवळा, खिशात जवळा, पांढऱ्याशुभ्र दाढीत जवळा. आणि समोर उभी भामाबाय. ती सायकल घ्यायला इथवर आली होती. आधी ती घाबरली, मग माणूस धड आहे हे पाहून अशी हसायला लागली की गुडघे धरून खालीच बसली. सुनीताही शिव्या देता देता हसायला लागली. हसणं ओसरल्यावर भामाबायनं त्यांच्या दाढीतला जवळा हातानं वेचला आणि हळूच म्हणाली, "भाय, तुमच्या जागी मी असती तं?"

हसरी बाई, मागून येणारे ट्रक, तो उतार, सगळं जमालभाईंच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आपण एका बाईच्या जिवापेक्षा चार रबराचे तुकडे मोठे मानले, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

घरी झुबेदानं आधी त्यांना बादलीभर पाण्यानं अंगणातच धुतलं, मग ऐकवलं. गेल्या साली मोतीबिंदू काढून डोळ्यात भिंग बसवून घेतलंत, तेव्हा नाही विचारलंत डॉक्टरला, ओरिजनल आहे का म्हणून? गुपचूप बसवून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी पेपर वाचत बसलात. मग आता जमाल बदलला की काय? जमालभाई टॉवेलात तोंड खुपसून बसले. बायकोचं बोलणं खरं असलं की ते असेच बसतात.

सोमवारी पंक्चरवाल्या कुंदनच्या हातातला चहाचा ग्लास सुटता सुटता राहिला, कारण दुकानाच्या पायरीवर जमालभाई उभे, आणि मागतायत काय, तर देशी ब्रेकचे गुटके. मऊ रबरवाले, या रिमला बसतील असे. मग टायर, ट्यूब, स्प्रिंगची रुंद सीट, गुडघ्याला हलकं जावं म्हणून मागे मोठी दातेरी चकती. कुंदननं न हसता सगळं पिशवीत भरून दिलं. पुण्यवान पोरगा.

तीन दिवस जमालभाई खपले. एवढं मात्र पाळलं की कुठे काही कापायचं नाही, कुठे नवं भोक पाडायचं नाही. उद्या कुणाला सायकल पूर्वीसारखी करायची झाली तर करता यावी. काढलेले जुने भाग त्यांनी तेल लावून एका डब्यात ठेवले आणि तो भिंतीचा हट्ट सोडलेल्या दीपेशला दिला. दीपेशनं ते हॉलमध्ये काचेच्या कपाटात मांडले, वरून दोन लाइट. आलेल्या पाहुण्यांना तो आता विलायती गुटके दाखवतो. एका गुटक्याला अजून जवळा चिकटलेला आहे, तो त्याला वाटतं सायकलबरोबरच आलाय.

शुक्रवारी नमाजानंतर, दुपार कलल्यावर भामाबाय बंगल्यातून सोनाबाईकडे पहिल्यांदा निघाली. पुलाचा उतार जमालभाईंनी आधी स्वतः सात वेळा उतरून पाहिला होता, पाचव्यांदा तर मुद्दाम सुनीतासमोर येऊन थांबले, आणि तिनं बोंबील आवरते घेतले. आता ते आपल्या सायकलवरून मागे मागे चालले होते, काळजीनं. काळजीची गरज नव्हती. पहिली दहा पावलं सायकल डुगडुगली, मग भामाबायच्या पाठीचा कणा ताठ झाला आणि ती अशी सुटली की जमालभाईंनाच धाप लागली. गतिरोधकाशी ब्रेक दाबून थांबली, पुन्हा निघाली. सेक्टर मागून सेक्टर गेले. वळणावर एक रिक्षावाला आडवा आला, त्याला तिनं दोन शब्द ऐकवले, तेही चालत्या सायकलवरून.

सोनाबाई पडवीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. फाटक उघडून भामाबाय आत शिरली तशी तिनं डोळे बारीक केले, आणि मग खुर्चीचे हात धरून, सुजलेल्या पायांवर, कुणाच्या आधाराशिवाय उठून उभी राहिली.

"गो भामे, तू आयलीस?"

दोघी गळ्यात गळा घालून तशाच उभ्या राहिल्या, मग एकदम दोघींनी बोलायला सुरुवात केली आणि एकमेकींचं काहीएक ऐकलं नाही. वर्षभराचं साचलेलं होतं. जमालभाई फाटकाशी दुसरीकडे पाहत उभे होते, नाक पुसत. थंडीचे दिवस होते ना.

जरा वेळानं सोनाबाई सायकलजवळ आली. हँडलवरून हात फिरवला, नव्या सीटवरून फिरवला, नवा टायर दाबून पाहिला. मग जमालभाईंकडे वळून मोठ्यानं, बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "तीच सायकल हाय. काय पन बदल नाय."

गुटके नवे, टायर नवे, ट्यूब नवी, सीट नवी, चकती नवी. जमालभाईंच्या जिभेवर अख्खी यादी आली होती. भामाबाय त्यांच्याकडे पाहत होती, ओठ दाबून.

"नाही मावशी," जमालभाई तितक्याच मोठ्यानं म्हणाले, "काहीच बदललं नाही."

सोनाबाईनं मान हलवली आणि लुगड्याचा पदर खोचला. तिला कॅरिअरवर बसायचं होतं, आत्ताच्या आत्ता, कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत.